गळ, जळवा आणि तेंबेलिंगचे पाणी

मासे धरण्यासाठी माणसाने किती दूर जावे? पुण्याच्या बहुतेक गृहस्थांना विचाराल तर ते म्हणतील, गणेश पेठेतल्या मासळी बाजारापलीकडे जाण्याचे कारणच काय! मी मात्र गेल्या उन्हाळ्यात साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर ओलांडून, मलेशियातल्या पहांग राज्यात, घनदाट अरण्याच्या तोंडाशी वसलेल्या क्वाला ताहान नावाच्या गावी गळ टाकून बसलो. हे कळल्यावर आमच्या एका शेजाऱ्यांनी, “तिकडे मासे पुण्यापेक्षा स्वस्त आहेत काय हो?” असे अगदी गंभीरपणे विचारले. ज्या माशासाठी मी गेलो होतो, तो क्वालालंपूरच्या हॉटेलांत किलोला शेकडो रिंगिट भावाने विकला जातो, हे मी त्यांना सांगितले नाही. उगाच आमच्या घराविषयी गैरसमज व्हायचा.

त्या माशाचे नाव कलाह. हा आपल्या महासीराचा सख्खा भाऊबंद. अंगावर मोठमोठे तांबूस सोनेरी खवले, जाड ओठ आणि पाण्याच्या ओढीविरुद्ध बाणासारखे सुटण्याची ताकद. माझे वडील सुटीच्या दिवशी मुठेच्या काठी गरी घेऊन बसत आणि त्यांच्या लहानपणी तिथे मिळणाऱ्या महासीराच्या गोष्टी आम्हांला सांगत. आम्हां मुलांच्या वाट्याला चिमुकल्या मळ्या आणि काडीएवढे खवले यापलीकडे काही आले नाही. तेव्हापासून हा मासा एकदा तरी जिवंत पाहावा, जमल्यास गळाला लावावा, अशी माझी इच्छा होती. पुढे मुलगी नि जावई नोकरीनिमित्त क्वालालंपूरला गेले आणि इच्छेला निमित्त मिळाले. सौभाग्यवतींना नातीला पाहायचे होते, मला मासा पाहायचा होता. दोन्ही हेतू एकाच तिकिटात साधले!

‘क्वाला’ म्हणजे नदीचे मुख, एक नदी दुसरीला मिळते ती जागा; आपल्या भाषेत संगमच म्हणा ना. क्वालालंपूर म्हणजे चिखलाचा संगम. क्वाला ताहान म्हणजे ताहान नदी जिथे तेंबेलिंगला मिळते ते ठिकाण. आणि या संगमापासून जे अरण्य सुरू होते त्याचे नाव ‘तामान नेगारा’. तामान म्हणजे उद्यान आणि नेगारा म्हणजे राष्ट्र. हा नेगारा म्हणजे आपला संस्कृत ‘नगर’ शब्द, समुद्र ओलांडून गेला आणि तिकडे मोठा होऊन देश झाला! मलय भाषेत असे पाहुणे पावलोपावली भेटतात. भाषेला ‘बहासा’, शिक्षकाला ‘गुरू’, राजपुत्राला ‘पुतेरा’, बायकोला ‘इस्तेरी’ आणि नवऱ्याला ‘सुआमी’. हे शेवटचे कळल्यावर सौ. इतक्या हसल्या की, पुढचे चार दिवस मला अधूनमधून ‘अहो स्वामी’ अशी हाक ऐकावी लागली.

क्वालालंपूरहून जेरांतुत या गावापर्यंत मोटारीने तीन-साडेतीन तास लागतात. रस्ता उत्तम. पण वाट संपता संपत नाही ती ताडतेलाच्या बागांमुळे. पहिल्या दहा मिनिटांत त्या हिरव्यागार रांगा पाहून डोळे निवतात. तासाभराने तेच झाड, तीच रांग, तेच अंतर पाहून ते मिटू लागतात. “किती सुंदर जंगल आहे!” असे मी म्हणालो, तेव्हा जावई म्हणाले, “बाबा, हे जंगल नव्हे. जंगल कापून लावलेले शेत आहे हे. यात पक्षी शोधा पाहू.” मी काचेतून बराच वेळ शोधले. एक कावळा काय तो दिसला.

जेरांतुतला रेल्वेचे स्टेशन आहे. गेमास ते तुंपात या लोहमार्गाला लोक ‘जंगल रेल्वे’ म्हणतात. १९३१ मध्ये ती पूर्ण झाली आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी तिचे काही रूळ उखडून सयाम-ब्रह्मदेशाच्या कुप्रसिद्ध रेल्वेसाठी नेले. युद्धानंतर ते पुन्हा घालावे लागले. स्टेशनाजवळच्या तमिळ मुसलमानाच्या दुकानात आम्ही ‘रोटी चनाई’ खाल्ली. ती आपल्या पराठ्याचीच धाकटी बहीण. सोबत डाळीचे कालवण आणि उंचावरून ओतून फेस आणलेला दुधाळ चहा. परदेशात पहिल्या घासाला डाळ मिळाली की मराठी माणसाला अर्धा विजय मिळाल्यासारखे वाटते.

जेरांतुतहून क्वाला ताहानला जाण्याच्या दोन वाटा. एक नवी, डांबरी. दुसरी जुनी, पाण्याची. जेरांतुतपासून सुमारे सोळा किलोमीटरांवर क्वाला तेंबेलिंगचा धक्का आहे आणि तिथून नदीने सुमारे साठ किलोमीटर वर जायचे. पूर्वी हीच एक वाट होती. आता बहुतेक प्रवासी मोटारीने थेट जातात. आम्ही मात्र आग्रहाने होडी ठरवली, आणि त्यामुळेच आम्हांला आमचे नावाडी भेटले.

साठी ओलांडलेले, काटक, डोक्याला जुना टॉवेल गुंडाळलेले. गावात त्यांना सारे ‘पाकचिक’ म्हणत, म्हणजे काका. मीही तेच म्हणू लागलो. ते मला ‘एन्चिक’ म्हणजे साहेब आणि सौ.ना ‘पुआन’ म्हणजे बाईसाहेब म्हणत. त्यांचे इंग्रजी शंभर शब्दांचे, माझे मलय दहा शब्दांचे, आणि उरलेले सारे जावई सांभाळीत. होडी लांब, अरुंद, लाकडी. एकामागे एक असे पाय पसरून बसायचे, मागे यंत्र. कुणी उगाच उठला की पाकचिक एका शब्दाने त्याला खाली बसवीत.

तीन तास आम्ही त्या तपकिरी पाण्यावरून वर जात होतो. दोन्ही काठांना प्रथम शेते, मग वाड्या, मग काठावर पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी, आणि हळूहळू वाड्या संपून नुसती झाडे. नेराम नावाचा एक प्रचंड वृक्ष इथे नदीकाठीच वाढतो आणि पाण्यावर असा ओणवा होतो की, समोरासमोरच्या झाडांनी एकमेकांना काहीतरी गुपित सांगावे! खंड्या पक्षी निळ्या ठिणगीसारखा पाण्यावरून जायचा. जिथे उथळ खडक असतील तिथे पाकचिक यंत्राचा आवाज कमी करीत आणि पाण्यावरची एक बारीकशी सुरकुती पाहून होडी डावी-उजवी करीत. त्या सुरकुत्या मला एकसारख्याच दिसत होत्या. त्यांना मात्र त्या वर्तमानपत्रासारख्या वाचता येत होत्या.

क्वाला ताहान हे गाव म्हणजे एक चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना पाहुण्यांच्या खोल्या, एक मशीद, एक शाळा, काही दुकाने आणि खाली नदीच्या पात्रात तराफ्यांवर बांधलेली तरंगती उपाहारगृहे. पाणी चढले की उपाहारगृहही चढते, उतरले की उतरते. बसल्या जागी टेबल किंचित हलते आणि चहा पेल्याच्या कडेपर्यंत येऊन परत जातो. पलीकडच्या काठाला राष्ट्रीय उद्यान. मधली नदी नाममात्र पैशांत छोट्या होडीने ओलांडायची. एका काठावर माणसाचे राज्य, दुसऱ्यावर झाडांचे.

पाकचिकची सून अशाच एका तराफ्यावर स्वयंपाक करते. तिने आमच्यासाठी पहांगचा खास पदार्थ केला. पातिन नावाचा नदीतला मासा आणि ‘तेंपोयाक’चे आंबट पिवळे कालवण. तेंपोयाक म्हणजे आंबवलेला दुरियान; आणि दुरियान म्हणजे दिसायला फणसाचा चुलतभाऊ, वासाने मात्र कुळातून काढून टाकलेला! सौ.नी पदर नाकाशी धरून पहिला घास घेतला, दुसरा पदर न धरता घेतला, आणि तिसऱ्यानंतर कृती विचारली. ती मुलगी त्यांना लाघवाने ‘माकचिक, माकचिक’ म्हणत होती. अर्थ विचारला तर, ‘काकू’! “बघा,” सौ. म्हणाल्या, “समुद्र ओलांडून आले तरी काकूपण काही सुटले नाही.”

आता त्या पलीकडच्या काठाविषयी. तामान नेगाराचे क्षेत्रफळ ४,३४३ चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईसारखी सात शहरे त्यात मावतील. पहांग, कलांतान आणि तेरेंगानू अशा तीन राज्यांत ते पसरलेले आहे. हे अरण्य तेरा कोटी वर्षांचे जुने, असे माहितीपत्रकात छापलेले असते. तेरा कोटी वर्षे कशी मोजायची ते मला ठाऊक नाही. परंतु हिमयुगांचे बर्फ या भागावर पसरले नाही, त्यामुळे इथली झाडी फार प्राचीन काळापासून तगून राहिली, एवढे खरे.

पण माणसाच्या हातून ती कशी तगली, ही गोष्ट मला अधिक नवलाची वाटली. क्वालालंपूरचे घुमटांचे आणि मनोऱ्यांचे सुंदर रेल्वे स्टेशन ज्याने आखले त्या आर्थर हबक या वास्तुशिल्पज्ञाचा एक भाऊ होता, थिओडोर हबक. हा मोठा शिकारी. १९०५ मध्ये त्याने मलायातल्या हत्ती नि गव्यांच्या शिकारीवर चक्क पुस्तक लिहिले. पुढे याच माणसाच्या ध्यानात आले की, रबराच्या मळ्यांपुढे जंगल मागे सरत आहे आणि आपण ज्यांच्यामागे धावलो ती जनावरे नाहीशी होत आहेत. मग त्याने बंदुकीऐवजी लेखणी हाती घेतली. सरकारकडे, सुलतानांकडे वर्षानुवर्षे तगादा लावला. १९२५ मध्ये गुनुंग ताहान पर्वताभोवती राखीव रान झाले. १९३८-३९ मध्ये तिन्ही सुलतानांच्या संमतीने मोठे राष्ट्रीय उद्यान झाले. त्याला तेव्हा इंग्रज राजाचे नाव होते. १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाल्यावर ते नाव जाऊन ‘तामान नेगारा’ हे साधे नाव आले. आपल्याकडे जिम कॉर्बेट जसा शिकाऱ्याचा रक्षक झाला, तशीच ही कथा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पायी निघालो. क्वाला ताहानहून गुनुंग ताहानच्या शिखरावर जाऊन यायला साधारण आठवडा लागतो. २,१८७ मीटर उंचीचे हे मलाया द्वीपकल्पातले सर्वोच्च शिखर. आमच्या गुडघ्यांनी ते दुरूनच वंदनीय ठरवले आणि आम्ही बुकित तेरेसेक ही जवळची टेकडी पत्करली. सिंहगड चढणाऱ्याला ही टेकडी काहीच नाही, असे मी घरून निघताना म्हणालो होतो. उंचीने ती खरोखरच काही नाही. पण सिंहगडावर वारा असतो! इथे सकाळी आठलाच हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाभोवती बसते. घाम येतो, पण तो वाळत नाही. आणि मग येतात जळवा.

पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडलेल्यांना जळू ठाऊक असते. पण इथली जळू शिष्टाचार पाळीत नाही. पानाच्या टोकावर उभी राहून ती डोके गोल फिरवीत तुमची वाट पाहते, बुटाच्या नाडीच्या भोकातून आत शिरते, आणि तुम्हांला पत्ता लागतो तो मोजा लाल झाल्यावर. जावयांनी मोज्यांवर तंबाखूचे पाणी शिंपडले होते. माझ्या अंगावरून अकरा निघाल्या, सौ.च्या एकही नाही. “त्यांनाही कळतं, घरात रक्त कोण आटवतं ते,” एवढेच त्या म्हणाल्या.

परंतु वर मान करावी आणि जळवा विसराव्यात, अशी ती झाडे! तुआलांग नावाचा वृक्ष सत्तर-ऐंशी मीटरपर्यंत वाढतो. मुळांच्या भिंती माणसाहून उंच, खोड गुळगुळीत आणि फांद्या कुठेतरी आभाळात. त्या फांद्यांना काळे अर्धगोल लोंबत होते. दुर्बिणीतून पाहिले तर आग्या मोहोळ! आपल्या सह्याद्रीच्या कड्यांना लटकते तेच. मध मिळतो म्हणून गावकरी हे झाड सहसा तोडीत नाहीत. आपल्या देवरायांतही काही झाडे धाकापोटी, काही लाभापोटी उभी राहिली, इथेही तसेच.

त्या दुपारी होडीने क्वाला तेरेंगानपर्यंत वर जाऊन, पुढे तासभर चालून, आम्ही रात्री मचाणावर राहिलो. मलय भाषेत त्याला ‘बुंबुन’ म्हणतात. उंच खांबांवर लाकडी खोली, फळ्यांचे बाक, दिवा नाही, समोर मोकळी जागा. तिथली माती खारट असते आणि रात्री जनावरे ती चाटायला येतात. या मचाणाचे नाव ‘कुंबांग’, म्हणजे काळा बिबट्या. द्वीपकल्पातले बहुतेक बिबटे काळेच असतात. जावयांनी वाघाविषयी विचारले तेव्हा पाकचिकनी बोट ओठांवर ठेवले. जंगलात वाघाचे नाव घ्यायचे नाही. ‘पाक बेलांग’ म्हणायचे. अर्थ, पट्टेवाले काका! आपल्या कोकणातही कुणी रात्री वाघ म्हणत नाही, ‘मोठं जनावर’ म्हणतात. भीतीचे व्याकरण सगळीकडे एकच असावे.

वाघ आला नाही. येणार तरी कुठून? अनेक वर्षांच्या पाहणीनंतर साऱ्या मलायात आता दीडशेहूनही कमी वाघ उरले असल्याचा अंदाज आहे. फासे लावणारे चोर पार आत शिरतात. पण पहाटे तीनच्या सुमारास चांदण्यात एक टपीर आला. पुढचे अंग काळे, पाय काळे, आणि मधले सारे अंग पांढरे, जणू काळ्या कोटावर पांढरे धोतर नेसून कुणी जुने हेडमास्तर फिरायला निघाले! लांब नाकाने माती हुंगली, चाटली, आणि घाई न करता ते अंधारात गेले. आम्ही पाचही जण श्वास रोखून होतो. मुलीने आईचा हात धरला होता. घरी असताना त्या दोघींचे पाच मिनिटे पटत नाही.

परत येताना नदीकाठी बातेक लोकांची वस्ती लागली. हे या अरण्याचे मूळ रहिवासी. पानांच्या तिरक्या आडोशात राहायचे, शिकार व फळे पुरली की मुक्काम हलवायचा. लांब पोकळ नळीतून फुंकून बाण मारतात आणि बाणाला ‘इपोह’ वृक्षाचा विषारी चीक लावतात. हा वृक्ष आपल्या सह्याद्रीतही आहे. एका तरुणाने लाकडावर वेत घासून दोन मिनिटांत विस्तव करून दाखवला. प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. त्याने त्या ऐकल्या न ऐकल्यासारखे केले. रोज दोन वेळा त्याला हा विस्तव करून दाखवावा लागतो, हे मागाहून कळले. उद्यानाच्या हद्दीत त्यांना निदान हिंडायला रान आहे. पलीकडे कलांतानमध्ये क्वाला कोह या बातेक वस्तीभोवतीचे जंगल ताडतेलासाठी गेले. तिथे २०१९ मध्ये गोवराच्या साथीत कित्येक माणसे दगावली.

आता माशाकडे वळतो. वाचक म्हणतील, आलात एकदाचे!

तिसऱ्या दिवशी पाकचिकनी आम्हांला ताहान नदीतून वर नेले. तेंबेलिंगचे पाणी तपकिरी. पण ताहान जंगलातूनच येते म्हणून तिचे पाणी काळ्या चहासारखे, गडद तरी नितळ. ‘लुबुक तेनोर’ या जागी त्यांनी होडी लावली. लुबुक म्हणजे डोह. इथे मासे धरायला सक्त मनाई आहे. फक्त खाऊ घालता येते. त्यांनी माझ्या हातावर गोळ्यांचे खाद्य ठेवले आणि पाण्यात उतरायला सांगितले. गुडघाभर पाण्यात उभा राहून मी मूठ उघडली, आणि काय सांगावे! डोहाचा तळच जणू हलला. हाताएवढे, मांडीएवढे कलाह माझ्या पायांना घासून वर आले. पाठीवरचे खवले जुन्या चांदीच्या रुपयाएवढे. जाड ओठांनी ते माझी बोटे चाचपीत होते. वयाची साठ वर्षे ज्याला गळाला लावायची इच्छा धरली, तो माझ्या हातचे खात होता!

“पूर्वी इथे जाळे लावायचो,” पाकचिक काठावरून म्हणाले. त्यांच्या तरुणपणी गावातले लोक ‘तुबा’ नावाच्या वेलीची मुळे ठेचून पाण्यात टाकीत. आपल्याकडे डोंगरी भागात गेळफळ टाकतात तसेच. मासे गुंगून वर येत. मोठे धरायचे, लहान वाहून जायचे. कलाहला भाव चढला तेव्हा बाहेरची माणसेही आली. मग काही वर्षांत डोह रिकामे झाले. “माझ्या बापाने मला हा डोह दाखवला, तेव्हा तो भरलेला होता. मी मुलाला दाखवला तेव्हा त्यात पाणी होते. नुसते पाणी.” पुढे हा भाग राखीव झाला. त्या वेळी सर्वांत जास्त भांडलो ते मीच, असेही त्यांनी हसत सांगितले. नदी आमची, मासे आमचे, आम्हांला मनाई कोण करणार! आता रात्री डोहाकडून यंत्राचा आवाज आला तर सर्वांत आधी अंथरुणातून उठतात तेही हेच.

चौथ्या दिवशी, परवाना घेऊन, जिथे गळ टाकायला मोकळीक आहे तिथे, क्वाला केनियामच्या बाजूला आम्ही गेलो. पाकचिकची एकच अट होती: कलाह लागला तर तो परत सोडायचा. मी मान्य केले. त्यांनी डबा उघडला, आणि आमिष म्हणून त्यातून काढली ताडतेलाची नारिंगी फळे!

मी चकित झालो. मग त्यांनी समजावले. कलाह हा फळे खाणारा मासा. काठावरच्या उंबराच्या जातीच्या झाडांची, रानातल्या कितीतरी वृक्षांची फळे पाण्यात पडतात. त्या त्या हंगामात तो त्या त्या झाडाखाली येऊन वाट पाहतो. फळ पाण्यात पडल्याचा ‘डुब्’ आवाज झाला की झेपावतो. त्याच्या मांसाला चव येते ती त्या रानफळांची. म्हणून जुने कोळी मासा शोधत नसत, झाड शोधत. कुठल्या वळणावरचे झाड कधी फळते, हे पाठ असे. पण आता बाहेरच्या नद्यांच्या काठी ताडतेलाच्याच बागा. तिथल्या कलाहला पडते फळ मिळते ते हेच. त्यालाही त्याची सवय लागली. जे जंगल कापले, त्याच्या जागी लावलेल्या झाडाचे फळ आता जंगलातल्या माशाला फशी पाडायला गळाला लागते!

मला वाटेवरची ती तासन् तास न संपणारी रांग आठवली. मासा पाण्यात राहतो, एवढेच मला ठाऊक होते. तो झाडावरही राहतो, हे त्या डब्याने शिकवले. काठ उघडा झाला की नदीत पाणी राहील, मासा राहणार नाही.

पहिले दोन तास ‘सबाराव’ नावाचे काळ्या पट्ट्याचे मासे मिळाले. तेही चपळ आणि चविष्ट. त्यांतले दोन दुपारी कोळशावर भाजले गेले. मग एका ओणव्या झाडाखाली पाकचिकनी बोटाने जागा दाखवली. फळ पाण्यात पडले, डुब्! आणि पुढल्याच क्षणी दोरी अशी सुटली की रीळ किंचाळले. मी ओरडलो, सौ. ओरडल्या, जावयांनी माझी कंबर धरली. वीस मिनिटे तो मासा मला ओढत होता की मी त्याला, हे सांगणे कठीण. शेवटी सोनेरी पोट उन्हात चमकले. पाकचिकनी हात ओले करून तो अलगद धरला. तीनेक किलोंचा असावा. जावयांनी हिशेब मनात केला असावा, कारण ते एकदम गप्प झाले. पाकचिकनी गळ काढला, माशाचे तोंड प्रवाहाकडे केले आणि त्याच्या कल्ल्यांत पाणी खेळेपर्यंत तसेच धरून ठेवले. मग शेपटीचा एक फटका, आणि तो गेला. त्या घरात, त्या महिन्यात, त्या माशाच्या किमतीची खरोखर गरज होती, हे मला त्यांच्या सुनेकडून आदल्याच रात्री कळले होते.

परतताना त्यांनी विचारले, “एन्चिक, तुमच्या नदीत असा मासा आहे?”

या प्रश्नाला उत्तर देणे मला सोपे गेले नाही. कारण आमच्या नदीचे या माशाच्या कुळात मानाचे स्थान आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद करताना १८३९ मध्ये एका महासीराचे शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘खुद्री’ हा शब्द इथल्याच बोलीतला. जगभरचे शास्त्रज्ञ आजही तो उच्चारतात. आणि त्या नदीवरून जाताना आम्ही मात्र नाकाला रुमाल लावतो!

तरी मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकापासून महासीराची पिले वाढवून ती देशभरच्या पाण्यांत सोडली आहेत. आणि दुसरी, रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. काठी वरदायिनी देवीचे ठाणे. डोहातले महासीर देवीचे, म्हणून त्यांना कुणी धरत नाही. लोक कुरमुरे टाकतात आणि मासे झुंडीने वर येतात. हे जावयांनी सांगताच पाकचिकचे डोळे चमकले. “म्हणजे तुमचा लुबुक तेनोर!” मी मान हलवली. कोंड काय, लुबुक काय, एकच. तिथे देवीचा धाक, इथे कायद्याचा. पण धाक बाहेरून आला तरी राखण अखेर गावातल्याच माणसाला करावी लागते.

पाकचिकचे पुढे काय, हा विचार माझ्या मनातून गेला नाही. डांबरी रस्ता आला आणि होडीची मिळकत घटली. मुलगा आता गाडी चालवतो, नदीच्या सुरकुत्या त्याला वाचता येत नाहीत. “रस्ता नको होता का?” असे मी विचारले. ते म्हणाले, “नातू तापाने फणफणला होता. रस्त्याने तासाभरात जेरांतुतच्या इस्पितळात नेला. होडीने नेला असता तर?” शहरातून गेलेल्या माझ्यासारख्याने रस्त्याविरुद्ध हळहळण्यात अर्थ नव्हता. आणि नदीही काही नेहमीच प्रेमळ नसते. डिसेंबर २०१४ च्या महापुरात ती इतकी चढली की, उद्यानातल्या परदेशी पाहुण्यांना बोटी आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले.

आपल्यापैकी कुणी जाणार असेल तर थोडी माहिती देतो. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस फार. मार्च ते सप्टेंबर बरा. लांब मोजे, सुकायला हलके कपडे, टॉर्च आणि मीठ न्यावे. गळाचा परवाना उद्यानाच्या कचेरीत आधी काढावा आणि कुठल्या पाण्यात मोकळीक आहे ते तिथेच विचारून घ्यावे. जाता येता एकदा तरी होडी घ्यावी. शाकाहारी मंडळींनी डाळ-भाजीची सोय पाहावी. तेंपोयाक प्रत्येकालाच मानवेल असे नाही. मुले दहा वर्षांवरची असावीत; जळवांना वयाचे बंधन नाही.

आणि त्याआधी एखाद्या रविवारी, मुलांना घेऊन महाडला वाळण कोंडाकाठी जाऊन या. तिकीट लागत नाही, पासपोर्ट लागत नाही. खिशात मूठभर कुरमुरे असले की झाले. परत येताना वाटेवरच्या नदीचा काठ पाहा, त्यावर झाडे किती उरली आहेत ती मोजा, आणि मुलांना सांगा की मासे तिथून येतात.